सहा मिलिमीटरची क्रांती

खडकाळ डोंगरवाटांसाठीच्या सायकलींची नवी मालिका जाहीर झाली की जुनी सायकल एका रात्रीत निकामी कशी ठरते, हे कोणी सांगेल काय? वर्षानुवर्षे २६ इंची चाके दऱ्याखोऱ्यांतून सुखाने फिरत होती. मग २९ इंच हेच अंतिम सत्य ठरले, मग २७.५ इंचांचा सुवर्णमध्य निघाला, आणि आता पुढे २९ व मागे २७.५ लावून त्यालाच प्रगती म्हणायचे! मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी १४२ मिलिमीटर होती, ती १४८ झाली. चाक अधिक ताठ राहते म्हणे. राहतही असेल, पण त्या सहा मिलिमीटरांपायी माझे धडधाकट, महागडे चाक नव्या फ्रेममध्ये बसत नाही, त्याचे काय? त्यात कित्येक मॉडेलांत केबल थेट हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या जोडातून) फ्रेमच्या आत शिरतात, म्हणजे एका क्षुल्लक बेअरिंगसाठी ब्रेकची तेलाची नळी सोडवून पुन्हा तेल भरत बसा. चिखलात लोळणाऱ्या यंत्राची डागडुजी अवघड करण्यात कसला आला पराक्रम? माहितीपत्रकातले शब्द मात्र दरवर्षी तेच: अधिक चपळ, अधिक स्थिर, अधिक आत्मविश्वासपूर्ण. गेल्या वर्षीची सायकल मग काय भित्री होती?