चाक हललं नाही म्हणून बेअरिंग चांगलं ठरत नाही

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: व्हील बेअरिंगवरच्या (चाक ज्याच्या आधाराने फिरतं त्या भागावरच्या) लेखातून मी लोकांना घाबरवून खर्चात पाडतोय. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवायचं, हललं नाही तर बेअरिंग ठीक. आवाज आलाच तर ग्रीस भरावं. बदलायचंच असेल तर तुमचा मेकॅनिक हातोड्याने अर्ध्या तासात बसवतो, लेथवाल्याकडे जाऊन प्रेस (दाबयंत्र) मारून घ्यायची गरज नाही. आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगं एकदम बदलायला सांगणं ही लूट आहे.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. ब्रेक पॅड जोडीने बदलावे लागतात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. बेअरिंगचं तसं नाही. ज्या बाजूचं गेलं तेवढंच बदला.

पण ‘चाक हलत नाही म्हणजे ठीक’ हे मी सोडून देणार नाही, कारण यातच लोक फसतात. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाला गोळ्यांच्या दोन रांगांचं सीलबंद बेअरिंग असतं. ते खराब व्हायला लागतं तेव्हा आधी आतल्या किंवा बाहेरच्या रिंगच्या धावपट्टीवरून (गोळ्या जिच्यावरून फिरतात तिच्यावरून) धातूचा एक बारीक टवका निघतो. प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना आदळते आणि गाडीत घूंऽऽ असा आवाज घुमतो. या टप्प्यावर चाक हाताने जराही हलत नाही. प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, येतो तो धातू बराच झिजल्यावर. तोवर ब्रेकची डिस्क डुगडुगून पॅडना मागे ढकलू लागते आणि ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं. म्हणजे प्लेची वाट पाहणं ही ब्रेक बिघडायची वाट पाहणं आहे. मी खर्चात पाडतोय असं तुम्हाला वाटतं, मला त्या पेडलची काळजी आहे.

चाक वर-खाली हललं तरी लगेच बेअरिंगवर खापर फोडू नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. आणि फक्त डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा.

आवाजाची पारख रस्त्यावरच होते. वेग तोच ठेवून गिअर बदला. आवाज बदलला नाही तर तो इंजिनाचा नाही, चाकांकडचा आहे. मग वळणं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. यासाठी घाटातली कचकन वळणं कामाची नाहीत, तिथे वेगच नसतो. महामार्गावरची लांब, पसरट वळणं हवीत. ही खूण बहुतेकदा खरी ठरते, पण क्वचित उलटही निघते. म्हणून शेवटचा निर्णय जॅकवर घ्यायचा: गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रल, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायची. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग गप्प असते. खराब असेल तर वाळू भरडल्यासारखी खरखर बोटांना लागते, कानाला ऐकू येत नसली तरी.

त्याही आधी टायर बघा. हे मी लेखातही पहिलंच लिहिलं होतं. उंचसखल झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या नक्षीवरून, तळवा पुढे-मागे फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवरून डांबरावर उतरताच आवाज बदलला तर संशय टायरवर घ्या, कारण बेअरिंगला रस्ता कोणता याने फारसा फरक पडत नाही. पुढचे टायर मागे टाकून बघायला पैसेही लागत नाहीत.

ग्रीसचं म्हणाल तर ट्रक-ट्रॅक्टरच्या टेपर रोलर बेअरिंगला तुमचा सल्ला अगदी बरोबर आहे: खोला, धुवा, ग्रीस भरा, नट जमवा. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. सील उचकटून ते भरलं तर पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जायला वाट मोकळी होते, आणि निघालेला टवका काही भरून येत नाही.

आता हातोडा. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि बेअरिंगचा अख्खा संच बोल्टने बसतो, अशा गाड्यांत अर्धा-पाऊण तास हा हिशेब खरा आहे. पण बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या, सस्पेन्शनला जोडलेल्या लोखंडी भागात) दाबून बसवायचं असेल तर जोर बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे, आणि हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. तसं झालं नाही तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि नव्या कोऱ्या धावपट्टीवर बारीक पोचे पडतात. गाडी त्या दिवशी शांत चालते, काही महिन्यांनी घूंऽऽ सुरू होतं, आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण अस्सल बेअरिंगही असंच मरतं. शिवाय एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे गेली नाही तर मीटरवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. एक्सलचा नट नवा घ्या आणि टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळा. बेअरिंगच्या दोन आतल्या रिंगा त्या नटानेच एकत्र धरलेल्या असतात, म्हणून तो सैल असताना गाडीचं वजन चाकावर येऊ देऊ नका.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की मागच्या वर्षी बदललेल्या बाजूलाच हल्ली ‘रस्त्याचा’ आवाज येतो. तो आधी तपासा. टायर पुढे-मागे करा. आवाज जागचा हलला नाही तर स्प्रिंगला हात लावून बघा. खरखर लागली तर या वेळी नकल काढून प्रेसवर न्या, आणि जुन्या बेअरिंगची आतली रिंग हबवरून निघाली की हबचा तो भाग नीट पाहून घ्या. रिंग त्यावर फिरून तो घासलेला किंवा निळसर पडलेला असेल तर हबही बदलावा लागेल. गाडी कोणती आहे ते कळवलंत तर तिचं बेअरिंग दाबून बसवायचं आहे की बोल्टचं, तेही सांगतो.