किमान रकमेचे कमाल माहात्म्य

खोलीभाडे, मेस आणि झेरॉक्स यांतच महिना संपवणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्याने आधी एक गोष्ट मनावर बिंबवून घ्यावी, ती अशी की क्रेडिट कार्डाची मर्यादा ही उसनवारी नसून आपले उत्पन्न आहे. स्वतःची कमाई नसलेल्याला बँक सहसा कार्ड देत नाही, ही अडचण किरकोळ समजावी. वडिलांना आपल्या नावावर मुदत ठेव ठेवायला लावावे आणि तिच्या तारणावर कार्ड मिळवावे. ठेवीवर बँक वर्षाला सहा-सात टक्के देते आणि थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घेते, यातली गंमत वाणिज्य शाखेच्या मुलांनाही उशिराच कळते.

बिल आले की एकूण रकमेकडे पाहू नये, अभ्यासातून लक्ष उडते. ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरावी. समजा, थकबाकी ४०,००० रुपये आहे आणि पाच टक्क्यांप्रमाणे आपण २,००० रुपये भरले, तर महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी २५२ रुपये वजा जाता मूळ कर्ज तब्बल ३४८ रुपयांनी घटते! शिवाय पूर्ण बिल न भरल्याने नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते, त्यामुळे कार्डावर खाल्लेल्या मिसळीची तर्री जिभेवरून उतरण्याआधीच तिच्यावर व्याज चढू लागते. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलावर छापलेला असतो. तो सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्याइतक्याच आदराने वाचावा.

मित्राला रोख हवी असेल, तर एटीएममधून कार्डावर काढून द्यावी. तिथे शुल्क लागते आणि व्याजही त्याच दिवसापासून सुरू होते, पण मैत्रीत हिशेब पाहू नये. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर, मोबाइल घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी यांविषयी विचारणे तर निव्वळ कोतेपणाचे.

कर्जफेडीतली आपली पत गुणांत मोजणाऱ्या सिबिल स्कोअरची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो, म्हणजे पहिले तीनशे गुण नुसत्या हजेरीचे मिळतात. इतका दिलदार परीक्षक आपल्या विद्यापीठात सापडायचा नाही.

थकबाकी फारच वाढली की बँक ती ठेवीतून परस्पर वळती करून घेते, त्यामुळे वसुलीवाले दारात येण्याची नामुष्की टळते. फक्त ठेवीची मुदत संपत आली म्हणून वडील गावाहून फोन करून पावतीची चौकशी करतील, त्या आठवड्यात आपली परीक्षा असल्याचे घरी आधीच कळवून ठेवावे.