कोंबडं झाकणाऱ्याची कैफियत

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण ज्याने पाडली त्याने कोंबडी पाळलेली नसावी. उजाडणार, त्यात काय शंका? खरा सवाल असा की, कोंबडं नीट झाकलं नाही तर उजाडेपर्यंत ते उरतं का. या ‘नीट’वरच माझा सगळा फावला वेळ खर्ची पडतो.

परसातल्या नऊ कोंबड्यांचा मी मालक, असं मला वाटतं. कोंबड्यांच्या मते मी रात्रपाळीचा राखणदार, झाडूवाला आणि बिनपदवीचा डॉक्टर. पगार अंड्यांत मिळतो आणि पिसं झडायच्या दिवसांत तोही बंद असतो. समोरच्या पक्षात मुंगूस, बोका, भटका कुत्रा, घूस आणि साप. दिवसपाळीला घार आणि कावळा. त्यांना दुसरं काम नाही आणि घाईही नाही.

बहुतेक जण पहिले फसतात ते जाळीत. षट्कोनी घरांची ती लवचीक जाळी ‘कोंबडी जाळी’ म्हणून विकली जाते, आणि नाव अगदी प्रामाणिक आहे: ती कोंबडीला आत ठेवते. बाकीच्यांना बाहेर ठेवायचं वचन तिने कधीच दिलेलं नसतं. कुत्रा ती दाताने ओढून फाडतो. हवी असते ती अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची वेल्डेड जाळी, तार १९ गेजची. गेजचा हिशोब उलटा असतो, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. ‘२३ गेजची देतो, एकदम दणकट,’ असं कोणी म्हणालं की आकड्यावर भाळायचं नाही.

मोठ्या घरांच्या जाळीतून शत्रूला आत शिरावंही लागत नाही. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय बोका बाहेर उभा राहून, पंजा घालून ओढतो. म्हणून बसायची दांडी जाळीपासून हातभर आत ठेवायची. बरं, अर्ध्या इंचाच्या घरातूनही उंदराचं पिल्लू सहज जातं. उंदरामागे साप येतो. बारीक साप बारीक फटीतून येतो, अंडं गिळतो आणि मग पोटातल्या फुगवट्यामुळे त्याच फटीत अडकून पडतो. खुराड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारायची सवय माणसाला आपोआप लागते. उपाय दोनच: अंडी रोज संध्याकाळी गोळा करायची आणि उंदरांना बोलावणं धाडणं थांबवायचं. हे बोलावणं म्हणजे रात्रभर उघडं राहिलेलं खाद्याचं भांडं. ते कोण उघडं ठेवतं, ते पुढे येईलच.

जाळी ठोकायला स्टेपलच्या पिना वापरू नयेत. त्या लाकडातून निघायलाच जन्माला आलेल्या असतात. स्क्रू आणि त्याखाली रुंद वॉशर, दर चार ते सहा बोटांवर एक. एवढे स्क्रू पिळून मनगट सुजतं, हे खरं. पण न पिळल्यास काय होतं ते सकाळी पिसांवरून कळतं.

उकरणाऱ्यांसाठी मात्र एक सुंदर युक्ती आहे आणि तिला खोल खड्डा लागत नाही. भिंतीच्या बुडाशी दीड-दोन फूट रुंद जाळीचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा, बुडाला घट्ट बांधायचा, वर माती आणि दगड टाकायचे. गवत उगवलं की तो दिसतही नाही. कुत्रा असो की मुंगूस, जिथे भिंत जमिनीला टेकते तिथेच उकरायला लागतो. नखं जाळीला लागतात, तो जरा सरकतो, पुन्हा जाळी. दोन फूट मागे जाऊन उकरायला सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. मी तरी सांगणार नाही.

दिवसपाळीवाल्यांसाठी वरून जाळं आणि खाली झुडपं, पत्र्याचा आडोसा. शिवाय कोंबडा. या प्राण्याबद्दल माझं मत एरवी फारसं बरं नाही. पण धोका आकाशातून असेल तर त्याची हाक वेगळी आणि जमिनीवरून असेल तर वेगळी, आणि कोंबड्यांना दोन्ही कळतात. पहिलीला त्या आडोशाला पळतात किंवा दबून बसतात, दुसरीला माना ताठ करून बघायला लागतात. मला दोन्ही हाका सारख्याच ऐकू येतात. त्यामुळे घार आली की मी जमिनीकडे बघत असतो.

हे सगळे दातांचे आणि नखांचे शत्रू मला परवडतात, कारण ते दिसतात तरी. खरा घातकी माणूस वेगळा. तो रोज दार उघडून, हातात खाद्य घेऊन, चिखलाच्या चपलांनी आत येतो. त्याला कोणी अडवत नाही, कारण कडी त्याच्याच हातात असते. तो मी.

रोगाचे बहुतेक जंतू पंख लावून येत नाहीत. ते दुसऱ्याच्या खुराड्यात कौतुकाने फिरून आलेल्या माणसाच्या तळव्याला चिकटून येतात. म्हणून खुराड्याच्या दारात तिथल्यापुरती वेगळी चप्पल हवी, जी त्या दाराबाहेर कधी जात नाही. काहींना त्यापेक्षा जंतुनाशकाचं तबक ऐटदार वाटतं. ते ठेवावं, पण दोन दिवसांनी त्याचं गढूळ सार होतं. शीट आणि माती पडली की औषधाची शक्ती त्यांच्यावरच संपते, जंतूच्या वाट्याला काही उरत नाही. आधी ब्रशने तळवा घासा, मग बुडवा, आणि पाणी रोज बदला. जमणार नसेल तर वेगळी चप्पल बरी. तिला रोज बदलावं लागत नाही.

रोगांत दरारा मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, पुढे राणीखेतला आढळला, आणि दोन बिचाऱ्या गावांची नावं कायमची कोंबड्यांच्या हिरव्या हगवणीला जोडली गेली. मान पिळवटते, पाय लुळे पडतात, घशात घरघर लागते. विषाणूचा रोग, त्यामुळे प्रतिजैविकं देऊन उपयोग शून्य. लस हाच उपाय: पाच ते सात दिवसांच्या पिलाला डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाचा (याच लसीचा एक प्रकार) पुढचा डोस आणि आठव्या आठवड्याच्या आसपास इंजेक्शन. नेमकं वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्यावं.

ऐकायला सोपं आहे. पण लसीची कुपी असते शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची आणि कोंबड्या असतात नऊ. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली उकळून नष्ट करायची. त्यामुळे आजूबाजूचे चार कोंबडीवाले एकाच दिवशी गाठणं हे लसीकरणातलं सर्वांत अवघड काम. आणि ज्याची त्याने आपली कोंबडी धरावी, लस टोचणाऱ्याने घरोघर फिरू नये. नाहीतर लसीबरोबर रोगही घरपोच. लस जिवंत असते, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, बर्फाच्या डब्यातून आणायची. थेंब टाकल्यावर पिलाने डोळा मिचकावेपर्यंत सोडायचं नाही. माणूस थेंब टाकून पुढच्या पिलाकडे वळतो, पहिलं मान झटकतं आणि लस मालकाच्या सदऱ्याला टोचली जाते.

पाण्यातून लस द्यायची असेल तर स्वच्छतेची हौस आडवी येते. भांडं जंतुनाशकाने लखलखीत घासलं आणि नळाचं क्लोरीनवालं पाणी भरलं की लस कोंबडीच्या चोचीला लागण्याआधीच मेलेली असते. भांडं साध्या पाण्याने धुवायचं, क्लोरीन नसलेलं पाणी घ्यायचं, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची आणि त्याआधी कोंबड्यांना तासभर तहानलेलं ठेवायचं. त्या तासात त्या ज्या नजरेने बघतात ती मी विसरू शकत नाही.

पिलांचा दुसरा वैरी रक्ती हगवण. ती लावणाऱ्या परजीवीची शिटेतून पडलेली बीजं खाली अंथरलेल्या ओल्या तुसात एक-दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात, कोरड्या तुसात अडून राहतात. म्हणजे रोगाची गुरुकिल्ली पाण्याच्या भांड्याखालच्या ओल्या गोलात आहे. भांडं पिलाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, तूस दोन-तीन इंच जाड ठेवा, रोज खालीवर करा. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा: लाडू तसाच राहिला तर बदला, हलके विस्कटला तर चालेल. रोग झालाच तर अँप्रोलियम देतात, आणि इथेही मालक मध्ये पडतो. पिलं अशक्त दिसतात म्हणून तो कळवळून त्याच पाण्यात व्हिटॅमिनचं टॉनिक ओततो. अँप्रोलियम काम करतं ते परजीवीला बी-१ मिळू न देऊन; आणि टॉनिकात असतं बी-१. परजीवी मालकाला दुवा देतो.

शीट वाचायला मात्र शिकावं. वरती पांढरी टोपी असलेली घट्ट शीट उत्तम. आठ-दहा वेळांमागे एकदा येणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट बघून नवखे लोक धावत पशुवैद्याकडे जातात. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि अगदी नेहमीची आहे. रक्त, हिरवं पाणी किंवा फेस दिसला तर धावा. आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर औषध शोधू नका, मेलेल्या उघड्यावर फेकू नका; सरकारी पशुवैद्याला कळवा, बाकीचं ते ठरवतील.

हवेचंही तसंच. थंडी वाजेल म्हणून लोक खुराड्याची सगळी भोकं बुजवतात आणि मग आत अमोनिया कोंडतो. झरोके कोंबड्यांच्या डोक्याच्या वर हवेत, म्हणजे ओल निघून जाते आणि अंगावर झोत येत नाही. वास घ्यायचा तो उभ्याने नाही. उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर. डोळे चुरचुरले तर उशीर झालेला आहे. परसात उकिडवं बसून खोल श्वास घेणाऱ्या माणसाबद्दल शेजाऱ्यांचं जे मत होतं, ते होऊ द्यावं.

रात्री एक फेरी लाल माइटसाठी, म्हणजे रक्तपिप्या बारीक किड्यांसाठी. हे दिवसा दांडीच्या खाचांत लपतात आणि अंधारात रक्त प्यायला बाहेर पडतात, म्हणून दुपारी तपासणाऱ्याला खुराडं निर्मळ दिसतं. अंधारात पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने पुसा; लाल रेघा उमटल्या तर ते तुमच्याच कोंबडीचं रक्त.

एवढं करूनही ज्या मोहाने सगळं पाण्यात जातं तो म्हणजे ‘एक नवी छान कोंबडी आणली’. नवी येते ती वरून धडधाकट दिसते. तिला किमान तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचं आणि आधी जुन्यांचं, मग तिचं काम करायचं. उलटा क्रम केला तर ती लांब असूनही तिच्यापासून जुन्यांपर्यंत जंतूंची ने-आण मीच चालू ठेवतो. तिसऱ्या दिवशीच ‘एकटी कंटाळली असेल’ असं वाटू लागतं. ती कंटाळलेली नसते. कंटाळा मला आलेला असतो, दोन ठिकाणी झाडायचा.

दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन आत येतात, कारण अंधारात त्यांना जवळजवळ दिसत नाही. मग मोजणी. त्या दांडीवर जागेसाठी ढकलाढकली करत असतात, त्यामुळे डोकी मोजू नयेत, शेपट्या मोजाव्यात. आठ येतात. पुन्हा आठ. नववी खुडूक होऊन अंड्याच्या खोक्यात बसलेली असते आणि मी हात घातला की चोच मारते, मग नऊ. दाराचा नुसता आकडा वर उचलला जातो, म्हणून कडी, आणि कडीत कडं. खाद्याचं भांडं उचललं, दार ओढलं, कडी घातली. अंथरुणाला पाठ टेकली की कडं आठवतं. बॅटरी घेऊन पुन्हा परसात जातो. कडं लावलेलं असतं. भांडं मात्र खुराड्याच्या छपरावर, झाकणाशिवाय.