रडवणाऱ्या कादंबऱ्या आणि ग्रुपवरचा तो मेसेज

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज चार वेळा आला. चौथ्यांदा पाठवणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याहून वडील. त्यामुळं नुसतं डिलीट करून गप्प बसणं बरं दिसेना.

मेसेज थोडक्यात असा. ‘पालकांनो, सावध! यंग अ‍ॅडल्ट नावानं विकल्या जाणाऱ्या कादंबऱ्या वाचून मुलं हळवी आणि रडकी होतात. आत्महत्येचे विचार त्यांच्या डोक्यात तिथूनच शिरतात. डिप्रेशन, ट्रॉमा असले शब्द शिकून साध्या गोष्टीला ती आजार म्हणतात. आपल्या मराठीत असलं काही कधी नव्हतं. परदेशी शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं आहे. ही पुस्तकं आजच मुलांच्या हातातून काढून घ्या.’ खाली जोडलेले हात, सहा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शिकवते आणि रविवारी वाचनालयात आठवीपासून पीयूसीपर्यंतच्या, म्हणजे अकरावी-बारावीपर्यंतच्या पोरांना घेऊन बसते. तेवढ्या अधिकारानं हे लिहितेय.

शास्त्रज्ञांचं आधी घेते, कारण समोरच्याला गप्प करायला तेच वाक्य कामाला येतं. कोण शास्त्रज्ञ, कुठलं विद्यापीठ, कुठलं साल, मेसेजमध्ये काही नाही. प्रत्यक्षात झालंय ते असं. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्टानो यांचा निबंध आला. साहित्यिक कथा वाचल्यावर माणसाला दुसऱ्याच्या मनातलं थोडं जास्त ओळखता येतं, असं त्यांना दिसलं. जगभर बातम्या झाल्या. पुढं दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तर तसं काही दिसेना. मग २०१८ मध्ये अशा १४ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. परिणाम निघाला, चांगल्या बाजूचाच निघाला, पण अगदी बारीक. त्यातही वाचणारी बहुतेक मोठी माणसं, आणि वाचायला दिलेलं म्हणजे बहुधा एखादी कथा नाहीतर उतारा. तेव्हा कादंबरीनं पोरं बिघडतात हे यातून सिद्ध होत नाही, आणि वाचलं की पोरं गुणी होतात हेही होत नाही. हे दुसरं वाक्य आमच्या भागात कडोलीपासून येळ्ळूरपर्यंतच्या प्रत्येक साहित्य संमेलनात आम्ही मराठीचे शिक्षकच माईकवरून ठोकत असतो. ग्रंथदिंडीत पुढं लेझीम खेळायला पोरं लागतात. तू अलीकडं काय वाचलंस, हे त्यांना मांडवात कुणी विचारत नाही.

एक अभ्यास मात्र मला कामाचा वाटतो. इटलीत पाचवीच्या मुलांना सहा आठवडे ‘हॅरी पॉटर’मधले निवडक उतारे वाचायला देऊन त्यांवर गप्पा केल्या. एका गटाचे उतारे भेदभावाबद्दलचे होते. त्या गटातल्या, हॅरीशी जवळीक वाटणाऱ्या मुलांचं बाहेरून आलेल्या स्थलांतरितांबद्दलचं मत निवळलं. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. मुलं मोजकीच होती, त्यामुळं त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण तिथं नुसतं पुस्तक हातात दिलेलं नव्हतं, बरोबर बसून बोलणारं माणूसही होतं. आमच्या भागात ‘आपण’ आणि ‘ते’ हे दोन शब्द पोरं बाराखडीच्या आधी शिकतात, म्हणून तो अभ्यास माझ्या लक्षात राहिला.

आता ‘हळवी आणि रडकी’.

माझ्या रविवारच्या पोरांत नववीतली एक मुलगी आहे. आई-वडील गोव्यात कामाला, ही आजीपाशी. आमच्याकडं यात नवल नाही. घाट उतरला की गोवा. तिला मी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ दिलं, लंपन नावाच्या पोराच्या कथांचं पुस्तक. आता कुणी म्हणेल, ते यंग अ‍ॅडल्ट कुठं? अमेरिकेतले ग्रंथपाल साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकासाठीच्या पुस्तकांना तो शब्द लावतात. लंपनच्या कथांवर तसा शिक्का नाही, पण त्या वयाच्या पोराला त्या अचूक लागतात. त्यातून संत इथलेच. जन्म १९३७ चा, बालपण बेळगावात, आई कवयित्री इंदिरा संत, आणि वडील हे लहान असतानाच, १९४६ मध्ये गेलेले. त्यांचा लंपन आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांच्या घरी, मराठीत कानडी मिसळलेल्या गावात वाढतो.

चतुर्थीला मुलीची आई गावी आली, तर पोर परसात पुस्तक घेऊन रडत बसलेली.

“रडालीस कशाला गं? कुणी काय म्हटलं काय तुला?”

“न्हाई गं आई. ह्यो पोरगा पण आजीकडंच हाय.”

दुसऱ्या दिवशी आई माझ्या दारात. “बाई, असली पुस्तकं कशाला देतासा? आधीच ती गप गप असत्या.” मी चहा टाकला. मला पटवून द्यायचं असं काही नव्हतंच, कारण थोड्या वेळानं तीच म्हणाली की रात्री पोरीला पहिल्यांदा विचारलं, तुला हितं करमतंय काय? सहा वर्षांत विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, हेही तीच म्हणाली.

या रडण्याला ‘कमकुवत मन’ म्हणायचं असेल तर मेसेजवाल्यांनी संस्कृत नाटककार भवभूतीशीही भांडावं. त्यानं करुण हाच एक मूळ रस मानला. ऐकताना, बघताना दुःख होतं तरी माणसं पुन्हा पुन्हा का येतात, यावर आपल्या रसशास्त्रात शेकडो वर्षं वाद झाले. ‘लोकांना रडकं करतंय, बंद करा’ हा निष्कर्ष त्यातून कुणी काढला नाही. गोष्टीतल्या दुःखाची एक सोय असते: ते फार झालं की पुस्तक पालथं घालून भाकरी खायला उठता येतं. ही मुलगी तशी उठत होती, पुन्हा बसत होती. गोव्याची बस सुटताना असं काही करता येत नाही.

आत्महत्येचा मुद्दा वेगळा. तिथं मी मेसेज हसण्यावारी नेणार नाही.

ही भीती जुनी आहे. जर्मन लेखक गटेची ‘तरुण वेर्थर’ची कादंबरी १७७४ मध्ये आली, वाचून तरुण जीव देतात अशी हाकाटी झाली आणि १७७५ मध्ये लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली. त्या नायकाच्या नावावरून ‘वेर्थर परिणाम’ हा शब्द मात्र १९७४ चा, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाचा. आणि त्यानं तपासलं काय? वर्तमानपत्रं. पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी गाजली की त्यानंतर आत्महत्या वाढतात, असं त्याला आढळलं. नाव कादंबरीचं, पुरावा बातमीचा. आपण कादंबरी काढून घेतो, आणि गावात कुणाचं असं काही घडलं की फोटोसकट सगळा तपशील त्याच ग्रुपवर फिरवतो.

अलीकडचं उदाहरणही घ्या. २००७ च्या एका अमेरिकन किशोर-कादंबरीवर २०१७ मध्ये मालिका आली. ती आल्यावर एप्रिल महिन्यात तिथल्या १० ते १७ वयाच्या मुलांमधल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा २८.९ टक्के जास्त झाल्या, असा अभ्यास २०१९ मध्ये निघाला. दुसऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासून त्यावर शंकाही घेतली. वाद मिटलेला नाही. तरी मालिका दाखवणाऱ्या कंपनीनं त्याच वर्षी आत्महत्येचा प्रसंग त्यातून काढून टाकला, आणि माझ्या मते बरोबर केलं. कसं केलं हे दाखवणं, त्याला सुटका म्हणून सजवणं, हे कादंबरीतही घातकच. तसलं एक पुस्तक मी स्वतः वाचनालयाच्या यादीतून कमी केलंय. याची दुसरी बाजू ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडली: संकटात सापडलेलं माणूस त्यातून कसं सावरलं, अशा बातम्यांनंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. मोझार्टच्या संगीत नाटकात जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं अडवतात, म्हणून याला त्याचं नाव. म्हणजे विषय कोणता याहून तो कसा सांगितला, हे बघायला हवं. त्यासाठी पुस्तक आधी मोठ्यांनी वाचायला लागतं, आणि गाडी तिथंच अडते.

आपल्या देशातले आकडेही बघा. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातले १३,००० वर विद्यार्थी. एकूण कारणांत सगळ्यात वर ‘कौटुंबिक समस्या’, ३१.७ टक्के. आपल्या घरात कुणी आठ-पंधरा दिवस नीट जेवत-झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर पुस्तक कुठलं होतं ते शोधत बसू नका. डॉक्टरकडं न्या, नाहीतर १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि कानडीतही.

‘डिप्रेशन, ट्रॉमा असले शब्द शिकतात.’ शिकतात खरे. घटक चाचणीत कमी गुण पडले की ‘ट्रॉमा’, हे मीही वर्गात ऐकते आणि माझंही डोकं फिरतं. पण हे शब्द येतात रील्समधून. कादंबरीतून दुसरंच काही येतं. मागं एका रविवारी फळ्यावर ‘अँग्झायटी’ लिहिलं आणि मराठीत काय म्हणाल विचारलं. सगळे गप्प. मग म्हटलं, तुमची आजी काय म्हणते? तेव्हा धडाधड यायला लागलं. धाकधूक. पोटात गोळा येणं. जीव खालीवर होणं. घालमेल. काळजात लक्क होणं. कशात मन न लागणं. एकजण म्हणाला, “आमी बेजार म्हंताव.” घरी कानडी बोलणारी एक मुलगी उठली, “बाई, आमच्यात पण बेजारच, खरं त्याचा अर्थ वाईट वाटणं.” छळानं टेकीला आलेला मराठी बेजार, आणि उदास, कंटाळलेला कानडी बेजार. एकाच शब्दावर पोरं अर्धा तास भांडली. शाळेत एक भाषा, घरी एक, मोबाइलवर तिसरी अशी वाढणारी ही पोरं. आतल्या गोष्टीला कुठल्या भाषेत नाव द्यायचं हीच त्यांची अडचण. धाकधूक आणि घालमेल यांतला फरक व्याकरणाच्या तासाला कळत नाही. लंपनसारखं पोर गोष्टीत वावरताना दिसलं की कळतो. म्हणून शब्द शिकण्याची भीती मला उलटीच वाटते: दोनच शब्द शिकतात, पन्नास का शिकत नाहीत?

‘मराठीत असलं कधी नव्हतं’ याला काय बोलावं! ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. शेवटी आई जाते. मेसेज पाठवणाऱ्यांतलं एक तरी माणूस ते कोरड्या डोळ्यांनी वाचून उठलं असेल, तर त्यानं ग्रुपवर हात वर करावा. ‘कोसला’ १९६३ ची, लिहिताना नेमाडे पंचविशीतले. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी जाते ती पानं माझ्या भावानं कॉलेजात असताना मला वाचू दिली नव्हती, म्हणून मी ती आधी वाचली. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ ची, आणीबाणीतल्या नववीतल्या मुकुंदाची. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. पावणेदोनशे वर्षं या भागात पुस्तकं घरोघर जातायत, आणि त्यातली रडवणारी कधीच कमी नव्हती. शिवाय हे वाचणारी पोरंच असतात असंही नाही. अमेरिकेत २०१२ च्या एका पाहणीत अशा कादंबऱ्या विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के अठराच्या वरचे निघाले.

राहिलं ‘हातातून काढून घ्या’. एका पीयूसीतल्या पोराची इंग्रजी कादंबरी वडिलांनी कपाटात कुलूप लावून ठेवली. त्यानं तीच चोरून उतरवलेल्या पीडीएफमध्ये पांघरुणाखाली रात्री दोनपर्यंत वाचली. कादंबरीपेक्षा त्या साइटवरच्या जाहिराती जास्त वाईट होत्या, हे त्यानंच मला सांगितलं.

हे सगळं मी काल मुख्याध्यापक सरांना फोनवर, थोड्या सौम्य भाषेत सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. पटलं म्हणाले नाहीत. ते संतांचं पुस्तक वाचनालयात असेल तर बाजूला ठेवा, एवढं म्हणाले. ते आत्ता नाही मिळायचं, सर. नववीतल्या मुलीची आई चतुर्थी झाल्यावर ते पिशवीत घालून गोव्याला घेऊन गेलीय, दिवाळीला आणून देते म्हणालीय. रोज एक रुपया दंड चढालाय.