पोपचा हुकूम जेरुसलेमला कितपत चालायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जेरुसलेमचे पॅट्रिआर्क (तिथल्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू) आणि रोम, म्हणजे पोप, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पहिलं क्रुसेड, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून जिंकून घ्यायची युरोपातल्या ख्रिस्त्यांची मोहीम, पोपनेच पुकारलं, तेव्हा जिंकलेल्या मुलखातलं चर्च पोपच्याच मुठीत असणार, हा तुमचा पहिला मुद्दा. पोपची सत्ता तिथे कोणीतरी मागितल्याशिवाय पोहोचत नव्हती, हे माझं विधान तुम्हाला रोमची सारवासारव वाटलं. दुसरा मुद्दा असा की मी सगळी भिस्त टायरच्या (आजच्या लेबनॉनमधलं बंदर) विल्यमवर ठेवली, आणि हा इतिहासकार तर रोमवर खार खाऊन होता. शेवटी तुम्ही आव्हान दिलंत की पोपने हुकूम काढला आणि तिथे तो पाळला गेला नाही, असं एक तरी उदाहरण दाखवा.

उदाहरण आहे. पण त्याचा अर्थ लागायचा तर सुरुवात १०९९ पासून करावी लागेल.

अर्बन दुसऱ्याने नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेरमाँच्या सभेत हाक दिली, यात वाद नाही. पण जेरुसलेम पडलं १५ जुलै १०९९ ला आणि अर्बन वारला २९ जुलैला, ती बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत. त्याचा प्रतिनिधी म्हणून मोहिमेबरोबर गेलेला बिशप आधेमार तर वर्षभर आधीच अँटिओकला (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) मरण पावला होता. म्हणजे नव्या चर्चची घडी बसवायची वेळ आली तेव्हा रोमचा माणूसही तिथे नव्हता आणि रोमचा आराखडाही नव्हता. १ ऑगस्टला क्रुसेडरांनी आपसात ठरवून नॉर्मंडीच्या ड्यूकचा पुरोहित अर्नुल्फ याला पॅट्रिआर्क केलं. डिसेंबरात पिसाचा आर्चबिशप डाइम्बर्ट जहाजांचा ताफा घेऊन पोहोचला, अर्नुल्फ बाजूला झाला आणि डाइम्बर्ट त्या जागी बसला. नव्या राज्याला जहाजांची निकड होती आणि जहाजं डाइम्बर्टकडे होती. या दोन्ही नेमणुकांत पोपचा हात मला तरी कुठे दिसत नाही.

मग रोम यात शिरलं कधी? भांडण झालं तेव्हा. राजा पहिला बाल्डविन आणि डाइम्बर्ट यांचं पैशावरून बिनसलं, डाइम्बर्ट पदावरून गेला आणि त्याच्या जागी एव्हरेमार नावाचा धर्मगुरू आला. डाइम्बर्ट पुढे रोमला गेला. पास्कल दुसऱ्याने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण परतीच्या वाटेवर सिसिलीतल्या मेसिनाला तो मेला. तोवर एव्हरेमारही आपली बाजू मांडायला रोमला निघालेला. शेवटी पास्कलने आर्लचा म्हातारा आर्चबिशप गिबेलिन याला चौकशीला पाठवलं. त्याने जेरुसलेममध्ये सभा भरवून एव्हरेमारची निवड रद्द ठरवली, त्याला सिझेरियाचं आर्चबिशपपद दिलं, आणि मग तिथल्या लोकांनी ११०८ मध्ये गिबेलिनलाच पॅट्रिआर्क केलं.

या प्रकरणात पोपने स्वतःहून काहीही सुरू केलेलं नाही, हे बघा. हरलेला माणूस रोमला जातो, जिंकलेला त्याच्या पाठोपाठ जातो, आणि दोघांनाही निकाल हवा असतो तो रोमचाच. माझं विधान यावर उभं आहे. रोमचा अधिकार कोणी नाकारत नव्हतं. तो शेवटच्या अपिलाचा अधिकार होता, आणि अपील करायला अपीलकर्ता लागतो. त्यात समुद्र मध्ये. हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरची वाहतूक जवळपास थांबायची, त्यामुळे उन्हाळ्यात नेलेल्या तक्रारीचा निकाल पुढच्या वसंतात हाती पडला तरी लवकर पडला म्हणायचं. इतक्या लांबून रोजचा कारभार हाकणं कोणालाच जमलं नसतं.

हा अधिकार पोकळ होता, असंही मी म्हटलेलं नाही. अँटिओकच्या राल्फचं उदाहरण घ्या. ११३५ मध्ये लोकांच्या जयघोषात हा तिथला पॅट्रिआर्क झाला. पॅलियम, म्हणजे खांद्यावर घ्यायची पांढऱ्या लोकरीची पट्टी, पोपकडून यायची. तीच त्या पदाची खूण. राल्फने वाट पाहिलीच नाही. अँटिओकच्या सेंट पीटर चर्चच्या वेदीवरून त्याने ती स्वतःच उचलून पांघरली. त्याचा युक्तिवाद असा की रोम आणि अँटिओक ही दोन्ही पीठं येशूचा शिष्य पीटर याचीच, आणि त्यातही थोरलं अँटिओक. पोपच्या वर्चस्वाला इतकं थेट आव्हान त्या मुलखातल्या दुसऱ्या कोणा लॅटिन, म्हणजे रोमला मानणाऱ्या, धर्मगुरूने दिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याचा शेवट कसा झाला? त्याचेच काही कॅनन, म्हणजे कॅथीड्रलचे धर्मगुरू, तक्रार घेऊन रोमला गेले, अँटिओकचा राजपुत्र रेमंड त्याच्यावर उलटला, आणि ११४० च्या सुमारास पोपचा प्रतिनिधी आल्बेरिक याने अँटिओकला सभा भरवून राल्फला पदच्युत केलं. निकाल रोमचा, पण राल्फला पकडून मठात डांबलं रेमंडच्या माणसांनी. रेमंड त्याच्या बाजूने उभा राहिला असता तर आल्बेरिकच्या निकालाची अंमलबजावणी कोण करणार होतं?

आता विल्यमकडे येते. तुमचा हा आक्षेप गंभीर आहे. विल्यम ११७५ पासून टायरचा आर्चबिशप होता, ११८० मध्ये जेरुसलेमचं पॅट्रिआर्कपद त्याच्याऐवजी हेराक्लियसला मिळालं, आणि हॉस्पिटलर व टेम्प्लर या लढवय्या संघांवर त्याचा राग पानोपानी जाणवतो. माझ्या लेखातला हॉस्पिटलरांचा प्रसंगही त्याच्याकडूनच घेतला आहे. तो इथे पुन्हा सांगते, कारण तुमच्या 'मुठीत' या शब्दाची खरी परीक्षा तिथे होते.

जेरुसलेममध्ये पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूच्या कबरीवरच्या, चर्चच्या दारासमोरच हॉस्पिटलरांनी त्याच्याहून उंच, त्याच्याहून खर्चिक इमारती उठवल्या. पॅट्रिआर्क फुल्चर प्रवचनाला उभा राहिला की हे समोरच्या घंटा मुद्दाम जोरजोरात वाजवायचे, म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज कोणाला ऐकू जाऊ नये. बिशपने बहिष्कृत केलेल्या माणसाला हे आपल्या चर्चमध्ये घ्यायचे, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा, जो चर्चला द्यायचा असे) द्यायचा नाही म्हणायचे. एकदा तर हत्यारं घेऊन चर्चमध्ये घुसले आणि बाण सोडले. ते बाण गोळा करून, त्यांची मोळी बांधून, कॅल्व्हरीच्या, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या, जागेसमोर दोरीने टांगून ठेवले होते, आणि आपण ते डोळ्यांनी पाहिले असं विल्यम लिहितो. ११५५ मध्ये फुल्चर दाद मागायला निघाला. विल्यमच्या म्हणण्यानुसार तो शंभरीला टेकला होता. टायर आणि सिझेरियाचे आर्चबिशप आणि आणखी काही बिशप बरोबर. दक्षिण इटलीत युद्ध पेटलेलं, त्यामुळे वळसा घालून जावं लागलं. पोप चौथा एड्रियन एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवत होता आणि हे त्याच्या मागे मागे. शेवटी फेरेंटिनोला गाठ पडली. दिवसचे दिवस वाद चालला आणि सगळे हात हलवत परतले. कार्डिनलांनी भेटी घेतल्या, असा विल्यमचा उघड आरोप आहे.

त्याचा आरोप बाजूला ठेवा, कागद बघा. पास्कल दुसऱ्याने १५ फेब्रुवारी १११३ ला हॉस्पिटलरांना संरक्षण दिलं, ते फर्मान आजही माल्टात व्हॅलेटाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेलं आहे. टेम्प्लरांना ११३९ मध्ये इनोसंट दुसऱ्याकडून आणि हॉस्पिटलरांना ११५४ मध्ये चौथ्या अनास्तासियसकडून मोठ्या सवलती मिळाल्या. फुल्चर इटलीला निघाला तो या शेवटच्या सवलतीनंतर लगेच. आणि ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने एक संपूर्ण कलम याच तक्रारींवर केलं: संघांनी बहिष्कृतांना संस्कार देऊ नयेत, बिशपच्या संमतीशिवाय सामान्य लोकांकडून चर्च घेऊ नयेत, वगैरे. विल्यम त्या परिषदेत हजर होता हे खरं, पण ते कलम काही एकट्या विल्यमचा राग नव्हे. ते पोपने स्वतः भरवलेल्या परिषदेचं आहे. म्हणजे विल्यमचा सूर कडवट, पण तक्रार खरी.

रोमचा हात जेरुसलेमपर्यंत सर्वांत थेट पोहोचला तो इथे, या सवलतींमधून. आणि त्याने दुबळं कोणाला केलं? रोमचाच मान राखणाऱ्या पॅट्रिआर्कला. 'मुठीत असलेलं चर्च' म्हणताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तेराव्या शतकाबद्दल मात्र तुमचं चित्र बरंचसं बरोबर आहे, आणि माझा लेख बाराव्या शतकापुरताच होता. ११८७ मध्ये जेरुसलेम गेलं, पुढे पॅट्रिआर्क अक्को बंदरात राहू लागले, आणि रोमहून माणसं नेमली जाऊ लागली. १२२९ मध्ये बहिष्कृत सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सुलतान अल-कामिलशी तह करून जेरुसलेम परत मिळवलं आणि १८ मार्चला पवित्र कबरीच्या चर्चमध्ये मुकुट घातला. दुसऱ्याच दिवशी पॅट्रिआर्क जेरोल्डच्या आज्ञेवरून त्या पवित्र शहरातच सगळे धर्मविधी बंद! पोपच्या शत्रूला धडा शिकवण्यासाठी. १२५५ मध्ये पॅट्रिआर्क झालेला जाक पांतालेओं तर १२६१ मध्ये स्वतःच पोप झाला, चौथा अर्बन. (आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड: अक्कोत राहणाऱ्या आल्बर्ट नावाच्या पॅट्रिआर्कने कार्मेल डोंगरावरच्या तपस्व्यांना नियम घालून दिला, आणि त्याच कार्मेलाइट परंपरेतल्या धर्मगुरूंकडे इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना काढून मुंबईची चर्च सोपवली.)

आता तुमचं आव्हान. टायर जुन्या परंपरेने अँटिओकच्या पॅट्रिआर्कखाली येत होतं. पण ११११ मध्ये पास्कलने बाल्डविनला लिहून दिलं की राजा जी शहरं जिंकेल तिथली चर्च जेरुसलेमची. अँटिओकने हरकत घेतल्यावर त्यालाही समजुतीचं पत्र गेलं. ११२४ मध्ये टायर जिंकलं गेलं आणि जेरुसलेमच्या वाट्याला आलं, आणि आर्चबिशपचा प्रांत दुभंगला. पुढे पॅट्रिआर्क झालेला फुल्चर तेव्हा टायरचा आर्चबिशप होता. त्याने इनोसंट दुसऱ्याकडून आज्ञापत्रं मिळवली की सगळे बिशप टायरच्या हाताखाली यावेत. अक्को, सिदोन आणि बैरूत आले, कारण ती गावं जेरुसलेमच्या राजाच्या हद्दीत होती. त्रिपोली, तोर्तोसा आणि जुबैल त्रिपोलीच्या काउंटच्या हद्दीत होती. तिथले बिशप अँटिओकलाच मानत राहिले. एकच पोप, एकच निकाल, आणि तो अर्ध्या प्रांतात पाळला गेला. विल्यम लिहीत होता तेव्हा त्या आज्ञांना जवळपास ४० वर्षं झाली होती आणि तो अजून तीन बिशपांना मुकलेलाच होता. दोष तो रोमलाच देतो: आम्हाला जेरुसलेमचं ऐकायला लावलं, आणि अँटिओक आमचे लचके तोडतं ते चालवून घेतलं.

याउलट दाखवणारा पुरावा तुमच्याकडे असेल, म्हणजे १०९९ ते ११८७ या काळात कोणीही तक्रार न नेता रोमने आपणहून तिथल्या एखाद्या पॅट्रिआर्कला हटवलं असं सांगणारं पत्र किंवा इतिवृत्तातला उतारा, तर तो इथेच खाली द्या. त्यावर बोलायला मला नक्की आवडेल.