लिबरल आर्ट्स म्हणजे नुसती आर्ट्स साइड नव्हे

आमच्या फोंड्यातल्या पालकांच्या ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय, की लिबरल आर्ट्स (म्हणजे सायन्स, गणित, भाषा, इतिहास असे वेगवेगळे विषय एकत्र शिकायचे) हा ज्यांना गणित-सायन्स झेपत नाही त्यांचा कोर्स, जगभर तो बंद होतोय, सिंगापूरने तर कॉलेजच बंद केलं, आणि फी बघून डोळे फिरतात. ॲडमिशनचे दिवस आहेत, मुलं घाबरतायत, म्हणून लिहितेय.

सिंगापूरचं येल-एनयूएस हे लिबरल आर्ट्स कॉलेज बंद झालं हे खरंय, २०२१ला जाहीर झालं आणि २०२५ला शेवटची बॅच बाहेर पडली. पण तिथल्याच एनयूएस या युनिव्हर्सिटीने त्याऐवजी एनयूएस कॉलेज काढलं आणि तिथेही वेगवेगळे विषय एकत्रच शिकवतात, हे मेसेजमध्ये गाळलंय.

गणिताचं म्हणाल तर मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना लिबरल आर्ट्स म्हणायचे त्यांत अंकगणित, भूमिती, खगोलशास्त्र होतंच. २०२०चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोना या लिबरल आर्ट्स कॉलेजच्याच.

आणि लांब कशाला, आपले गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी बघा ना! १९०७ला गोव्यात जन्म, हार्वर्डला गणितासोबत भाषाही शिकले, आणि पुढे या माणसाने जुनी नाणी एकेक करून तराजूत तोलली, हातोहात फिरून ती किती झिजलीत ते वजनावरून काढलं आणि स्टॅटिस्टिक्स लावून त्यांचा काळ-क्रम लावायचा प्रयत्न केला. नुसतं गणित किंवा नुसता इतिहास शिकलेल्याला हे सुचलं असतं असं मला तरी वाटत नाही.

फीचं मात्र बरोबर आहे, प्रायव्हेट ठिकाणी ती भरपूर असते, स्कॉलरशिपचं आधी विचारून घ्या.