‘गॉबस्मॅक्ड’ ही शिवी नाही

‘गॉबस्मॅक्ड म्हणजे देवाने थोबाडीत मारलेला, ही शिवी आहे, मुलांना वापरू देऊ नका’ असा मेसेज शाळेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला ‘गॉड’ मुळात त्या शब्दात नाहीच. ‘गॉब’ हे ब्रिटनमध्ये तोंडाला म्हणायचं बोलीतलं नाव. तोंडात मावता मावत नाही अशा मोठ्या कडक गोळीला तिथे ‘गॉबस्टॉपर’ म्हणतात, तोच हा गॉब. ‘स्मॅक’ म्हणजे चापट हे मात्र बरोबर. पण इथे कुणी कुणाला मारत नाही. माणूस इतका थक्क होतो की शब्दच फुटत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्ही कोशांत अर्थ हाच आहे, सोबत ‘ब्रिटिश, अनौपचारिक’ असा शेरा. शिवी असल्याचं कुठेच नाही. (नुसतं ‘शट युअर गॉब’ मात्र उद्धटच, आपल्या ‘थोबाड बंद कर’सारखं.)

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मुलांना एवढंच सांगा: मित्राला ‘आय वॉज अ‍ॅब्सोल्यूटली गॉबस्मॅक्ड’ खुशाल लिहा, अर्जात किंवा निबंधात ‘अ‍ॅस्टॉनिश्ड’ बरं.